पाठीत खड्डा असलेली सीट

माझ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटला पाठीत खड्डा आहे. चांगला मोठा, अख्खी परात बसेल एवढा. गाडी सर्व्हिसिंगला दिली की दर वेळी कुणीतरी विचारतंच, "मैडम, ये सीट किसने काट दी?" मी म्हणते, "काट दी किसी ने, भैया. आप ब्रेक देखिए." माझी उंची जेमतेम पाच फूट. त्या खड्ड्यात मागे टेकून बसले तर पाय क्लचपर्यंत पोचत नाहीत, म्हणून मी तिथे एक जुना तपकिरी स्वेटर घडी करून कोंबते आणि मग गाडी काढते. सीट बदलून टाक, असं दहा जणांनी दहा वेळा सांगून झालंय. मी नाही बदलणार. एकदा सांगितलं ना, नाही.

गाडी काकांची. काका आता नाहीत, गेल्या हिवाळ्यात पुण्यात गेले. लखनौच्या महानगर नावाच्या भागात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी कितीतरी वर्षं भाड्याने राहिले. मी मूळची सांगलीची. औषध संशोधनाच्या नोकरीसाठी लखनौला आले. ऑफिस पार जानकीपुरमला, तरी बिऱ्हाड महानगरात केलं, त्याला कारण काकू. मी खोली बघायला गेले तेव्हा बाकी काही बोलायच्या आधी त्यांनी विचारलं, "फोडणीत कढीपत्ता घालतेस ना? मागे कुंडीत आहे, तोडत जा." त्यानंतर दुसरी खोली कोण बघतंय!

काका सहा फूट पाच इंच. अमरावतीकडचे, रेल्वेतून रिटायर झालेले इंजिनियर. इतकी वर्षं दारांच्या चौकटींशी भांडून त्यांना वाकायची अशी सवय लागली होती, की घराच्या फाटकातून जातानाही ते मान खाली घालत. फाटकाला वर काहीही नव्हतं, नुसतं आभाळ. मी एकदा हसले तर म्हणाले, "हस. टेंगूळ तुला येत नाही." नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी डब्यांतल्या आसनांच्या मापांवर काढली. आणि गंमत अशी की स्वतः प्रवासाला निघाले की बर्थवरून पावलं वीतभर बाहेर, येणारा-जाणारा धडकतोय, हे दर वेळी "सॉरी" म्हणतायत. "आयुष्यभर सरासरी माणसासाठी सीटा केल्या," ते म्हणायचे, "तो गृहस्थ मला भेटला मात्र कधी नाही." खिशात नेहमी पोलादी टेप. माझ्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा चहा निवत ठेवून त्यांनी माझी कामाच्या टेबलाची खुर्ची मापली आणि "शास्त्रज्ञ बाई, तुमची कंबर चाळिशीत जाणार," असं जाहीर केलं. मला राग आला होता. कंबर मात्र गेली.

आता मुख्य गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं सगळं वेडेपणाचं वाटणार नाही. वाटलं तर वाटू दे म्हणा.

मी यायच्या आधीची गोष्ट. जानेवारीत दोघं कानपूरहून एक लग्न आटपून आपल्या गाडीने परत येत होते. काका चालवत होते, काकू शेजारी. इकडचं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, ती अगदी जवळ आल्यावर दिसली. काकांना खरचटलंही नाही. काकूंचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि उजवा पाय धड वाकेनासा झाला. पायाचं एक वेळ सोसलं असतं. त्याहून वाईट म्हणजे समोरून येणारं कुठलंही वाहन दिसलं की काकूंचा श्वास अडकायचा, अंगाला दरदरून घाम सुटायचा. रिक्षा नको, टॅक्सी नको, पुढची सीट तर मुळीच नको. त्या घराबाहेर पडेनाशाच झाल्या. "चूक कुणाची नव्हती गं, धुक्याची होती," काकू मला नेहमी सांगत, आणि सांगताना आवाज मुद्दाम मोठा करत, म्हणजे आतल्या खोलीत काकांना ऐकू जावं. 

मग एकदा त्यांची दाढ अशी ठणकायला लागली की जाण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. काकू डोळे गच्च मिटून, काका बसतात त्याच्या बरोबर मागे बसल्या. निशातगंजच्या आसपास कशाने तरी डोळे उघडले, तर समोर रस्ताच नाही. नुसती काकांची पाठ. एवढा आडवातिडवा माणूस एवढ्याशा गाडीत कोंबलेला, दुसरं काही दिसायला जागा कुठली? "भिंतीमागे बसल्यासारखं वाटलं बघ," काकू म्हणायच्या, "आणि मग मी चक्क दाढ विसरले."

त्या दिवसापासून ती काकूंची जागा ठरली. त्यांचा न वाकणारा पाय तिथे सरळ राहावा म्हणून काकांनी आपली सीट होती त्याहून पुढे घेतली. मग काय विचारता! गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना, मान छताखाली वाकडी, कोपरं बरगड्यांशी. आणि काकूंना पुढचं दिसत नाही, त्यामुळे गचका बसला की त्या दचकतात, म्हणून काका आधी सांगत. "ब्रेक." "उजवीकडे." "खड्डा." काकू त्यांच्या सीटच्या खांद्यावर हात ठेवून "हं" म्हणत. ही सवय इतकी मुरली की काका घरातही जेवणावरून उठताना "उठतोय" म्हणायचे. "अहो, त्या कुकरलाही सांगून ठेवा, शिट्टी द्यायच्या आधी कळवत जा म्हणावं," असं काकू म्हणायच्या.

पुढे काकूंना किडनीचं दुखणं निघालं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, चुकवून चालणार नाही. काकू जाणार तर काकांच्याच पाठीमागे बसून, नाहीतर नाहीच. आणि त्याच सुमाराला काकांच्या गुडघ्याने दगा दिला. असा दुमडून बसून किती वर्षं चालवणार माणूस? उतरताना दार धरून उभे राहायचे, चेहरा पांढराफटक. हाडांच्या डॉक्टरने स्पष्टच विचारलं, "ऐसे बैठकर चलाते रहे तो घुटना गया, समझिए. फिर मैडम को लाएगा कौन?"

मुलगा पुण्यात नोकरीला. तो लखनौतच वाढलेला, मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीत. त्याचा फोन आला, "बाबा, बड़ी गाड़ी ले लीजिए ना. पैसे मैं भेज रहा हूँ, आप बस पसंद कर लो." बरोबरच होतं त्याचं. काका-काकू शोरूममध्ये गेले, सोबत मी. उंच गाडीत काकूंचा पाय चढेना, म्हणून एक लांबलचक, ऐसपैस गाडी बघितली. काका ड्रायव्हरच्या जागी बसले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाय लांब करून. चेहऱ्यावर काय सुख होतं, सांगू! मागे काकूंना बसवलं. पायही सरळ राहिला. विक्रेता खूश, मी खूश. काकांनी आरशातून मागे पाहिलं.

"दिसतंय हो," काकू म्हणाल्या. अगदी हळू, अपराध्यासारखं.

गाडी रुंद, काका त्यांच्यापासून लांब, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी काच मोकळी. शोरूमच्या बाहेरचा रस्ता सरळ समोर दिसत होता, त्यावर बस, ट्रक, सगळं. काकूंच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला. काकांनीही आरशात पाहिला. दार उघडलं, पाय गोळा केले, बाहेर आले. विक्रेत्याला म्हणाले, "गाड़ी बहुत अच्छी है, भाई साहब. हमारे काम की नहीं."

मग काढली त्यांनी आपली युक्ती. अलीगंजला गाड्यांच्या सीटा शिवणारा एक मिस्त्री होता, त्याच्याकडे गेले. मिस्त्री म्हणाला, "बाबूजी, सीट की पटरी पीछे खिसका देते हैं. चार छेद का काम है, शाम को ले जाइए."

"पीछे नहीं. पीछे मेमसाहब की जगह है."

"तो आगे?"

"आगे घुटना है."

"ना आगे, ना पीछे. तो फिर करना क्या है, साहब?"

"सीट के अंदर जाना है," काका म्हणाले.

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी दुकानातल्या पंख्याकडे पाहिलं.

काकांचं गणित सोपं होतं. सीटच्या पाठीत केवढा तरी जाड फोम असतो. तो आतून खरवडून काढायचा, मागच्या स्प्रिंगा काढून तिथे खाटेची नवार-पट्टी ताणून बसवायची. पाठ तीन इंच आत जाईल आणि सीटची मागची बाजू मात्र केसभरही हलणार नाही. "मागचं माप कायम," हे त्यांनी मिस्त्रीला तीनदा तरी बजावलं. पण खरवडायचं तर पाठीच्या आकाराचं, नाहीतर वळणावर माणूस आत डुगडुगणार. म्हणून साचा हवा. आणि साचा घ्यायला काकांनी काय निवडावं? कणीक! घरची कणीक. मळायला कोण, तर मी. रविवारची सकाळ, मोठी परात, दंड भरून आले माझे. दिवाणावर फळी, फळीवर कणकेचा जाड थर, त्यावर प्लॅस्टिक, आणि "झोपतोय" असं सांगून काका त्यावर उताणे. पाय दिवाणाबाहेर, नजर छताकडे, चेहरा ऑपरेशनच्या टेबलावरचा. काकू खुर्चीत बसून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. डायलिसिस सुरू झाल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. काका तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "हसू नकोस, साचा हलतोय." त्यावर त्या आणखी हसल्या.

कणीक गच्चीत वाळवली, पंच्यात गुंडाळली आणि अलीगंजला नेली. मिस्त्रीने पंचा उघडून विचारलं, "ये क्या है, साहब?"

"मैं हूँ," काका म्हणाले.

सीट झाली. काका आत बसले ते असे बसले की जणू सीटच त्यांच्याभोवती वाढली. गुडघा स्टिअरिंगपासून सुटला. मागे काकूंचा पाय सरळ, समोर पाठ. काकू म्हणाल्या, "काही दिसत नाही!" इतक्या आनंदाने हे वाक्य म्हणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पण होळी झाली, थंडी सरली, आणि काका सीटमध्ये डुगडुगायला लागले. मला आधी कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी कपाळावर हात मारला. अहो, साचा घेतला जानेवारीत! आत गरम बनियन, वर काकूंनी विणलेला तपकिरी स्वेटर, त्यावर बिनबाह्यांचा आणखी एक. एवढं सगळं अंगावर ठेवून हा गृहस्थ कणकेवर झोपला होता. इंजिनियर म्हणे! मापं मापं करत जन्म गेला आणि स्वतःचं माप घेताना कपडे धरले जमेला. मी तोंडावर बोलले तर शांतपणे म्हणाले, "माप बरोबर आहे. ऋतू बदललाय."

आणि या माणसाने उपाय काय करावा? मे महिन्यात स्वेटर घालून गाडी चालवायला लागले. बाहेर लू वाहतेय, घराजवळच्या कपूरथला बाजारात कुत्रीसुद्धा दुकानांच्या पायऱ्यांखाली शिरलेली, आणि आमचे काका लोकरीच्या स्वेटरमध्ये. सिग्नलला शेजारचे स्कूटरवाले काचेतून वाकून बघत. एकाने तर विचारलं, "अंकल, तबीयत ठीक है?" काकू विनवायच्या, "अहो, उशी ठेवा पाठीला." तर म्हणे उशी सरकते. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा, काकू आसपास नाहीत असं बघून, ते हळूच म्हणाले, "स्वेटरने रुंदी वाढते गं. कडेचं झाकलं जातं." त्यानंतर मी त्या स्वेटरबद्दल चकार शब्द काढला नाही.

जूनमधली गोष्ट. काकूंना अचानक एक-दोन दिवस वॉर्डात ठेवून घेतलं. भेटून आम्ही दोघं परत निघालो. पुढच्या सीटवर काकूंचा वॉकर, पिशव्या, थर्मास, त्यामुळे मी मागे बसले, काकूंच्या जागेवर. खरं सांगते, मला बघायचंच होतं. डोळे उघडे ठेवून नीट बघत होते. समोर सीट आणि तिच्या वर तपकिरी लोकर, उलट्या टाक्यांची एक ओळ, मधोमध घामाचा मोठा ओला डाग. बस्स. डावीकडून नाही, उजवीकडून नाही, कुठूनही रस्ता म्हणून दिसत नव्हता. काका मात्र सवयीने सांगतच होते, "ब्रेक. डावीकडे. खड्डा." हॉर्न ऐकू यायचे, पण ते दुसऱ्याच कुठल्या गावात वाजत असावेत असं वाटत होतं. मला, लखनौच्या ट्रॅफिकला रोज शिव्या घालणारीला, चक्क डुलकी लागली.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर काकू गेल्या. हॉस्पिटलातच, सकाळी. शेवटच्या फेरीलाही त्याच जागी बसून गेल्या होत्या, हात सीटच्या खांद्यावर. मला फार तुटल्यासारखं झालं. आई गेली तेव्हा मी लांब होते, इथे मात्र रोज त्यांच्या हातचं खाल्लेलं.

काका रडले नाहीत. महिन्याभराने हेडलाइटचा बल्ब बदलायला आम्ही अलीगंजला गेलो, तेव्हा तो मिस्त्री दुकानातून उठून आला. त्याला कळलं होतं. उभ्या उभ्या दोन शब्द बोलला, मग चाचरत म्हणाला, "बाबूजी, अब तो सीट पीछे कर दें? आराम से बैठिएगा." काकांनी मान हलवली. "रहने दो. पीठ को आदत हो गई है." आणि वाटेत, मागे कुणीही नसताना, प्रत्येक चौकात म्हणत होते, "ब्रेक." मी शेजारी बसले होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

गुडघा शेवटी गेलाच. गाडी बंद, जिना बंद. मुलगा न्यायला आला. जाताना काकांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, "काका, मला कशाला?" तर म्हणाले, "तू कणीक मळली होतीस." मुलगा सामान घेऊन टॅक्सीने चारबागला पुढे गेला आणि काकांना मी त्यांच्याच गाडीने स्टेशनवर सोडायचं ठरलं.

मी पुढचं दार उघडून धरलं, शेजारची सीट पार मागे सरकवली. काका तिकडे गेलेच नाहीत. मागचं दार उघडून "बसतोय" म्हणाले आणि माझ्या मागच्या जागेत शिरले. ती जागा त्यांना कशी पुरणार! गुडघे हनुवटीला लागले होते. तिथून त्यांनी अंगावेगळा केलेला तपकिरी स्वेटर पुढे दिला. "हा पाठीला लाव. नाहीतर तुझे पाय पोचायचे नाहीत."

मी तो खड्ड्यात कोंबला. पाय पोचले.

 निशातगंजच्या पुलावर मी आरशात पाहिलं, तर ते एकदा डावीकडे झुकत होते, एकदा उजवीकडे.

"इथून सगळंच दिसतंय गं," ते म्हणाले.

"मी बुटकी, काका. वर हडकुळी. दिसणारच."

 हजरतगंज मागे पडलं. मला वाटलं, डोळा लागला असेल. मग मागून आवाज आला, त्यांचा वाटू नये एवढा बारीक.

"तिला दिसत असेल का गं? कडेकडेने? मला वाईट वाटेल म्हणून बोलली नसेल. त्या दिवशी मी तिला पुढे बसवलं होतं. नंतर तरी... नंतर तरी काही दिसायला नको होतं तिला."

 "नाही हो काका," असं कुणीही म्हटलं असतं, आणि त्यांनी ते ऐकून सोडून दिलं असतं. मापाशिवाय कशावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता तो. 

"काका, मी बसलेय त्या जागी. जूनमध्ये, काकू वॉर्डात होत्या तेव्हा. मुद्दाम डोळे उघडे ठेवून बघत होते. समोर तुमचा स्वेटर, त्यावर उलट्या टाक्यांची ओळ. बाकी काही नाही."

"कडेने?"

"कडेनेही नाही. मला झोप लागली होती, काका."

 मग त्यांनी नाक ओढलं, एकदा, दोनदा. मी आरशात पाहिलं नाही.

चारबागच्या आधीच्या चौकात सिग्नल पिवळा झाला.

"ब्रेक," मी म्हणाले.

"हं," मागून आलं, आणि त्यांचा लांबलचक हात पुढे येऊन माझ्या सीटच्या खांद्यावर टेकला. स्टेशन येईपर्यंत तो तिथेच होता.